गोळीचे वजन की गोळीची लांबी?

खानदेशाच्या इतिहासात धरणगावचे नाव येते ते भिल्ल पलटणीमुळे. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने ती पलटण उभारली. हा औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. चाळीसगाव व कन्नड यांच्या मधल्या घाटाला आजही त्याचेच नाव आहे. त्या काळच्या बंदुकीतून शिशाची वाटोळी गोळी सुटे. पुढे १९६४ साली याच जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे आयुध निर्माणी सुरू झाली. तेथील काडतुसांतली गोळी मात्र वाटोळी नव्हे, तर लांब, निमुळती आणि धातूचे कवच ल्यालेली. गोळीचा आकार बदलला तसा एक नवा प्रश्न उभा राहिला: तिला गिरकी किती द्यावी? या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय कला शाखेच्या विद्यार्थ्यास परका वाटेल. परंतु लहानपणी ज्याने भोवरा फिरविला आहे, त्याला तो समजण्यास अडचण पडू नये.

प्रथम भिल्लाचा बाण पाहू. बाणाचे लोखंडी पाते पुढे असते, म्हणून भार पुढे राहतो; मागे पिसे असतात, त्यांना हवा मागे ओढून धरते. त्यामुळे बाण आपोआप सरळ जातो. लांब गोळीचे याच्या उलट आहे. तिचे टोक निमुळते व बूड जाड, म्हणून भार मागे. आणि हवेचा दाब पडतो तो पुढच्या भागावर. अशी गोळी तशीच सोडली तर हवा तिला उलथून टाकणारच. आर खाली असलेला भोवराही उभा केला तर पडतो. मात्र वेगाने फिरत असला की उभा राहतो. गोळीला हीच गिरकी मिळावी म्हणून रायफलीच्या नळीत आतून नागमोडी नव्हे, तर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात. किती इंचांत आट्यांचा एक फेरा पूर्ण होतो, त्यावरून नळीचा पीळ सांगतात. १२ इंची पीळ सैल, ७ इंची पीळ घट्ट.

भोवरा जितका उंच व सडपातळ, तितका तो वेगाने फिरवावा लागतो. गोळीचेही तसेच आहे. इंग्लंडमधील वुलिच येथील गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपा नियम दिला. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या किती पट आहे ते काढावे आणि त्या संख्येने १५० ला भागावे. जो आकडा येईल, त्याला जाडीने गुणले की पीळ मिळतो. फार वेगवान गोळीसाठी १५० ऐवजी १८० धरतात.

आपल्या एन.सी.सी.च्या छात्रांना परिचित असलेल्या पॉइंट टू टू रायफलीवर हा नियम लावून पाहा. तिची ४० ग्रेनची गोळी सुमारे १२ मि.मी. लांब, म्हणजे जाडीच्या दुपटीहून किंचित अधिक असते. नियमाप्रमाणे पीळ येतो जवळजवळ १६ इंच; आणि या रायफलींत पीळ साधारणतः तेवढाच ठेवलेला असतो!

येथे नियमातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यात लांबी आहे, जाडी आहे. वजन कोठेच नाही. 'जड गोळीला घट्ट पीळ हवा' असे शिकारी म्हणत आले, ते एवढ्यापुरते खरे की एकाच जाडीची गोळी जड करायची तर ती लांब करावी लागते. खरे कारण लांबी हेच होय. याचा उत्तम पुरावा ५.५६ मि.मी.च्या लष्करी गोळ्यांत मिळतो. जुनी ५५ ग्रेनची गोळी सुमारे १९ मि.मी. लांब, तिला १२ इंची पीळ पुरे. १९८० साली नाटो राष्ट्रांनी स्वीकारलेली ६२ ग्रेनची गोळी सुमारे २३ मि.मी. लांब, कारण तिच्या टोकात शिशापेक्षा हलके पोलाद आहे. नियमाप्रमाणे तिला १० इंचांच्या आसपास पीळ हवा. तिच्या जोडीची, उजेडाची रेघ काढीत जाणारी गोळी वजनाने फक्त दीड-दोन ग्रेनने अधिक. पण आत हलके ज्वालाग्राही द्रव्य असल्याने लांबी सुमारे २९ मि.मी.! तिला ८ इंचांहूनही घट्ट पीळ लागतो. म्हणूनच अमेरिकेने आपल्या नव्या रायफलीस ७ इंची पीळ दिला. वजन जवळजवळ तेच, आणि पिळाची गरज मात्र कितीतरी निराळी.

हे न ओळखल्याचे फळ शिकारी रायफलीच्या व्यापारातही दिसले. १९५५ साली अमेरिकेत ६ मि.मी. जाडीची दोन काडतुसे एकाच वेळी बाजारात आली. विंचेस्टर कंपनीने १० इंची पीळ ठेवला, त्यामुळे १०० ग्रेनची लांब गोळी हरणासाठी वापरता येई. रेमिंग्टनने हलक्या गोळ्या डोळ्यांपुढे ठेवून १२ इंची पीळ दिला. त्यात लांब टोकदार गोळ्या भरवशाने स्थिर होत नसत. काडतूस चांगले असूनही गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. पुढे ९ इंची पीळ देऊन १९६३ साली तेच काडतूस नव्या नावाने आणावे लागले. परंतु गेलेली संधी परत आली नाही.

हवेचाही यात वाटा आहे. हवा थंड असली की दाट होते आणि गोळीला अधिक जोराने उलथविते. भुसावळच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारपेक्षा डिसेंबरातील १० अंशांच्या पहाटे हवा सुमारे १२ टक्के अधिक दाट असते. अमेरिकन सैन्याच्या रायफलीस आरंभी १४ इंची पीळ होता. कडाक्याच्या थंडीतील चाचण्यांत तो अपुरा ठरला व १९६३ साली १२ इंची करण्यात आला. तेव्हा अगदी काठावरचा पीळ निवडू नये. मात्र अतिरेकही नको. सेकंदाला ३००० फूट वेगाची गोळी ७ इंची पिळातून मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. पातळ कवचाची हलकी गोळी इतक्या गिरकीने हवेतच फुटू शकते.

आपल्या नळीचा पीळ मोजणे सोपे आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, घट्ट बसणारी चिंधी लावलेली, मुठीत मोकळी फिरणारी साफसफाईची सळई आत सारावी. सळईवर खूण करावी आणि एक फेरा पुरा होईपर्यंत ती किती आत गेली ते मोजावे. गोळी नळीशी जुळली की नाही, हे निशाणाचा कागदही सांगतो. छिद्र वाटोळे असेल तर गोळी सरळ गेली. कुलपाच्या भोकासारखे लांबट असेल तर ती आडवी होऊन लागली.

कागदावर हा केवळ दोष आहे. जनावराच्या अंगावर ते क्रौर्य ठरते. आडवी झालेली गोळी नेम चुकविते, खोल जात नाही, आणि जखमी प्राणी झाडीत कुठेतरी दिवसेंदिवस तडफडत राहतो. जेथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे, तेथे हे गणित म्हणूनच शिकाऱ्याच्या सभ्यतेचा भाग आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाच्या शिकारीला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झाले. सातपुड्यात १९६९ पासून यावल अभयारण्य आहे. ज्या घाटाला शिकारी औट्रमचे नाव मिळाले, त्याच घाटाच्या नावाने १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. खानदेशात आता हे गणित निशाणाच्या कागदापुरतेच राहिले आहे. पण त्यातला धडा सर्वत्र लागू पडणारा आहे. डब्यावर छापलेले वजन सर्वांना दिसते. लांबी मात्र आपली आपणच मोजावी लागते.