खंडीची कँडी

अकोल्यात जिनिंगचा हिशेब लिहिता लिहिता 'कँडी' या शब्दानं मला बरंच शिकवलं.

१. शब्दाआधी धंदा विचारा. पोरांना कँडी म्हणजे गोळी. रुईच्या दलालाला ३५५.६२ किलो रुई. 'कॉटन कँडी' मागितली तर अमेरिकेत म्हातारीचे केस हातात पडतात, इथे १७० किलोच्या दोन गाठींहून जास्त माल.

२. स्पेलिंग एक, वाटा दोन. गोड कँडी निघाली संस्कृत 'खंड'पासून, म्हणजे साखरेच्या खड्यापासून. फारसी, अरबी, फ्रेंच अशी घरं फिरून ती इंग्रजीत पोचली. वजनाची कँडी म्हणजे आपली खंडी. ती युरोपी व्यापाऱ्यांनी इथल्याच बाजारातून उचलली.

३. नाव टिकतं, माप बदलतं. आपली खंडी वीस मणांची. मुंबईच्या रुईबाजाराची कँडी मात्र ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडी मुंबई मणाचे २८ मण. १९५८पासून दशमान वजनं आली, सौद्यातले मण-पौंड गेले, पण कँडी हटली नाही. किलोतला तो ६२चा शेपटा त्या पौंडांचाच.

४. मालाबरोबर गावही परदेशी जातं. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. ते नाव अमरावतीचं. पिकवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा.

५. आकड्याआधी माप, मापाआधी माल. हंगामात हमखास प्रश्न यायचा : "मुनीमजी, पेपरात पंचावन हजार भाव हाय मंते, मंग आमाले सातच हजार काऊन?" मी कागदावर मांडून दाखवायचो. पेपरातला भाव एका कँडी रुईचा, तुमचा एक क्विंटल कापसाचा, सरकीसकट. क्विंटलला ३४ किलो उतारा धरला तर एक कँडी रुईला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. पंचावन्न हजारांच्या भावानं ३४ किलो रुईचे होतात सव्वापाच हजार. उरलेली सरकी, तिचे पैसे वेगळे. त्यातून घट आणि जिनिंगचा खर्च वजा. एवढं मांडलं की शेतकरी पुढचा प्रश्न नेमका विचारायचा : "सरकीचा भाव काय धरला?" घासाघीस तिथूनच सुरू व्हायला हवी.