काडतुसातली काटकसर

आमच्या बारामती-इंदापूर भागात घरातली बंदूक बहुधा आजोबांच्या परवान्यावरून खाली आलेली असते. दुनळी, बारा बोअर, आणि तिच्यासोबत वाडवडिलांचं शहाणपण. त्यातलं निम्मं शहाणपण ठासणीच्या बंदुकांच्या काळातलं असतं, उरलेलं चार पैसे वाचवण्यासाठी जन्माला आलेलं.

नीरेच्या काठी इंदापूर तालुक्यात माझ्या दाजींचा मळा आहे. मक्यात रानडुकरं शिरली म्हणून त्यांनी रात्री हवेत बार काढला. डावी नळी हाताखालीच फाटली आणि दोन बोटं गेली. सकाळी पारावर निदान झालं, ‘जुनं विलायती पोलाद, कुजलं असणार.’ पोलाद असं कुजत नाही. पंचनाम्याच्या वेळी उजवी नळी उजेडाकडे धरली तर आरपार दिसेना. आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं! डाव्या नळीतलं रिकामं काडतूस काढलं, तर त्याची टोपी नंतर बसवलेली. म्हणजे उडालेलं काडतूस पुन्हा भरलेलं. डाव्या नळीतही तसंच घर असेल, तर मातीने किती केलं आणि त्या दारूने किती, हे मी सांगू शकत नाही. एकेकटं कारणही पुरेसं होतं.

काडतूस घरी भरण्याबद्दल लोक फार सहज बोलतात. ‘आजोबा मापाने भरायचे, कधी काही झालं नाही.’ आजोबा भरत ती काळी दारू. हल्लीच्या काडतुसात बिनधुराची दारू असते, आणि त्याच मापाने ती भरली तर दाब नळीला झेपणार नाही इतका चढतो. आधीच पातळ झालेली जुनी नळी मग फाटते. शिवाय हा गुन्हा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला, दुरुस्त करायला परवाना लागतो, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तो नव्हे. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाते. नळीला पडलेला पोचा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून काढून घेणारे महाभागही या कलमात येतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून दारूगोळा बनवण्याचं काम करतोय. तिथली काडतुसं परवानाधारक दुकानात मिळतात. महाग वाटली तर कमी बार काढावेत.

तेलाचं तर विचारू नका. खोबरेल थंडीत थिजतं, शेंगदाण्याचं तेल हळूहळू चिकट होऊन धूळ धरतं आणि चाप जड होतो. बंदुकीचं पातळ तेल घ्यावं आणि थेंबभरच लावावं. नळ्या वर करून उभी ठेवली तर जास्तीचं तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं; म्हणून तोंड खाली करून ठेवणं बरं. बार काढण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसावी आणि आरपार पाहावी. हे एवढं एक काम केलं असतं तर दाजींचा हात आज कदाचित धड असता. चामड्याची म्यान शोभेला छान, पण पाटपाण्याच्या गावात ती ओल धरते आणि बंदुकीला आतून गंज चढवते.

निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते, तेव्हा ‘आता जबाबदारी सरकारची’ असं म्हणून लोक मोकळे होतात. २०२४मध्ये बारामतीत ७ मेला लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. मधे अख्खा पावसाळा. जमा करण्याआधी पुसून हलकं तेल लावायचं, परत आल्यावर पहिल्या दिवशीच उघडून पाहायची.

काडतूस ‘बसलं म्हणजे चाललं’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. जुन्या विलायती दुनळ्यांमधलं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंची असतं. त्यात पावणेतीन इंची काडतूस अलगद बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर घसरून पुढे अडकतं. नळी रिकामी समजून मागून बाराचं भरलं की संपलं. म्हणून तर वीस बोअरचं काडतूस पिवळं ठेवतात. नळीवरचे शिक्के बघायला परवानाधारक कारागिराकडे जावं, गावातल्या जाणत्याकडे नव्हे.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर लगेच बंदूक मोडून पाहू नका. दारू कधीकधी उशिरा पेट घेते. तोंड मोकळ्या मातीकडे धरून निदान अर्धा मिनिट तसंच थांबायचं, मग काडतूस काढायचं. ते पुन्हा वापरायचं नाही, उन्हात वाळवायचं तर नाहीच.

आणि सुप्याकडच्या मंडळींसाठी एक. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नाव नोंदवायचं असतं. नवा परवानाही त्यांच्या संमतीशिवाय मिळत नाही. आणि गाव कुठलंही असो, परवानाधारक वारला असेल, तर मुलाने बंदूक घरात ठेवून वाट पाहू नये. ती आधी पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात वारसाचा अर्ज.