घर घेताना दलाल कोणाचा?

मोडनिंबच्या व्यापाऱ्याला दलाल नवा नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारा दलाल आणि फळबाजारातील अडत्या यांच्याशी आपला नेहमीचा संबंध येतो. पण मालाच्या सौद्यात तोटा आला तर पुढच्या बाजारी भरून काढता येतो. घराचा सौदा बहुतेक कारागिरांच्या आयुष्यात एकदाच होतो. म्हणून आज आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत: घर दाखविणारा दलाल कोणाचा माणूस असतो?

‘मी त्याला दलाली देतो, म्हणजे तो माझा माणूस,’ असे पुष्कळजण समजतात. हे बरोबर नाही. महाराष्ट्रात २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. तरी अडत्या माल विकतो तो शेतकऱ्याचाच. पैसे कोण देतो ही एक गोष्ट आणि काम कोणाचे करतो ही दुसरी.

उदाहरण घेऊ. समजा, महामार्गालगत वेल्डिंगचे दुकान असलेल्या एका कारागिराला गावात जुने घर घ्यायचे आहे. मालक १८ लाख रुपये सांगतो. दलाल दोन्ही बाजूंकडून शेकडा २ प्रमाणे दलाली घेणार आहे. म्हणजे प्रत्येकाकडून ३६ हजार. आता कारागिराने घासाघीस करून भाव १७ लाखांवर आणला, तर त्याचा एक लाख वाचतो. दलालाचे मात्र दोन्हीकडून मिळून चार हजार बुडतात. मग आपल्यासाठी भाव पाडायला तो जोर कशाला लावील? यात दलाल वाईट आहे असे नाही. हिशेबच तसा आहे, आणि व्यापाऱ्याने तो आधी ओळखला पाहिजे.

दुसरा प्रकार याहून वाईट. मालकाला १६ लाख हवे असतात, दलाल आपल्याला १८ सांगतो आणि मधले दोन लाख गुपचूप खिशात घालतो. मालकाची व आपली समोरासमोर भेट टाळली जात असेल तर सावध व्हावे.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे ज्याने काम सोपविले त्याला हिशेब देणे हे एजंटाचे कर्तव्य आहे. त्याने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवून त्या कामात स्वतःचाच सौदा साधला, तर कलम २१५ प्रमाणे तो सौदा नाकारता येतो. पण ‘हा माझा एजंट होता’ हे सिद्ध करावे लागते, आणि तोंडी बोलण्यावर ते कठीण जाते. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून तेथील दलालांच्या मोठ्या संघटनेच्या नियमाने, गिऱ्हाइकाला घर दाखविण्यापूर्वीच लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे रेरा कायदा २०१६ चा. त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातील घर किंवा प्लॉट विकणाऱ्या दलालाची महारेराकडे नोंदणी लागते. मात्र गावातील जुन्या घराच्या फेरविक्रीला हे संरक्षण नाही. तेथे आपली खबरदारी आपणच घ्यायची.

सौद्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात:

१. दलालाला पहिल्याच भेटीत विचारावे, ‘तुम्ही कोणाच्या बाजूने? मालकाकडूनही दलाली घेणार का?’

२. दलालीचा आकडा, ती केव्हा द्यायची आणि सौदा फिसकटला तर काय, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. दलाली खरेदीखत नोंदल्यावरच द्यावी.

३. इसार दलालाच्या हातात देऊ नये. तो मालकाच्या नावे चेकने द्यावा व पावती घ्यावी. नोंदलेल्या प्रकल्पात विक्रीचा करार नोंदविण्याआधी विकासकाला किमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

४. मालकाऐवजी दलालच कुलमुखत्यार म्हणून पुढे येत असेल तर मालकाला स्वतः भेटावे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

५. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, मालकाचे मूळ खरेदीखत, वारसांच्या संमती आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध हे काम आपल्या स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावे. दलालाने आणलेला वकील नको. या सौद्यात केवळ आपलाच असा माणूस बहुधा हा वकीलच असतो.

चांगला दलाल उपयोगी असतो. गावातील कोणते घर निघाले आहे, कोणाच्या वाटणीचा वाद आहे, हे त्याला आधी कळते. त्या माहितीची मजुरी त्याला जरूर द्यावी, ठरलेली आणि वेळेवर द्यावी. परंतु भाव ठरविणे आणि कागद तपासणे ही दोन कामे त्याच्यावर सोपवू नयेत. दुकानात आपण दहा हजारांचा माल वजन करून घेतो. मग जन्माची कमाई दुसऱ्याच्या तोंडी भरवशावर का द्यावी?