चित्रण-वर्गाचे तीन नियम

विद्यार्थिमित्रहो, शाळेत चित्रफीत तयार करण्याचा वर्ग सुरू झाला, की प्रत्येकाला प्रथम कॅमेरा हाती हवा असतो. परंतु त्याआधी तीन नियम मनाशी बाळगावेत.

पहिला नियम धीराचा. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपली. त्यातून अवघा मिनिटभर चालणारा चित्रपट सिद्ध झाला. त्यानंतरच ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

दुसरा नियम अनुमतीचा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावी ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. २००९ साली या गावाला आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. अशा गावी आधी विचारावे, मगच कॅमेरा उघडावा.

तिसरा नियम सत्याचा. चैत्रातल्या पहाटे एक आजी मोहाची फुले वेचीत होत्या. चित्र नीट आले नाही, म्हणून आमच्या एका विद्यार्थ्याने त्यांना भरलेली टोपली सांडून पुन्हा वेचण्यास सांगितले. आजी शांतपणे म्हणाल्या, "बाबू, ऊन चढल्यावर माह्या वाट्याचं तू येचशील का?" मुलाने मान खाली घातली. कॅमेरा बाजूला ठेवून तो त्यांच्यासोबत फुले वेचू लागला. पुढे तयार झालेली चित्रफीत त्याने प्रथम आजींनाच दाखविली.

मित्रहो, यंत्र शाळेचे असते. परंतु ज्याचे चित्र आपण घेतो, त्याचा वेळ आणि मान त्याचाच असतो. हे ज्याला उमगले, तोच यंत्राला हात लावण्यास पात्र होय.