दाबोळी आणि मोपा : गोमंतकाच्या दोन धावपट्ट्या

विमानतळ म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांसमोर प्रथम इमारत उभी राहते. वस्तुतः विमानतळाचा प्राण धावपट्टीत असतो. धावपट्टीवर अधिकार कोणाचा, यावरच तेथे कोणती विमाने केव्हा उतरणार हे ठरते. गोमंतकाचा सुमारे सत्तर वर्षांचा हवाई इतिहास या एका सूत्राने उलगडतो.

नाकेबंदीतून जन्म

स्वतंत्र भारताने आर्थिक निर्बंध घातल्यावर पोर्तुगीज सत्तेची कोंडी झाली. दमण व दीव तर गोव्यापासून दूर पडलेले. या कोंडीतून वाट काढण्यासाठी 1955 साली मुरगाव तालुक्यातील दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभारण्यात आला. 'ताइप' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पोर्तुगीज भारताची विमान कंपनीही त्याच वर्षी सुरू झाली. तिची विमाने दमण, दीव व कराचीस आणि पुढे लिस्बनपर्यंत जात. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय हवाई दलाने या धावपट्टीवर बाँबवर्षाव केला. प्रवासी इमारत मात्र वाचविण्यात आली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

नौदलाचा तळ, पर्यटकांची विमाने

1962 साली दाबोळी नौदलाच्या ताब्यात आली. 1964 मध्ये 'हंसा' हा नौदलाचा हवाई तळ कोइमतूरनजीकहून येथे हलविण्यात आला. नागरी वाहतुकीस तळाच्या आवारातच जागा मिळाली. 1987 साली जर्मनीच्या 'काँडॉर' कंपनीची चार्टर विमाने येऊ लागली आणि परदेशी पर्यटकांचा हिवाळी हंगाम आकारास आला. तथापि कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असल्याने नागरी उड्डाणे उरलेल्या वेळेत दाटू लागली. विमान जमिनीवर उभे राहिले की कंपनीचे नुकसान होते. म्हणून सोयीची वेळ न मिळाल्यास ती दुसरे शहर निवडते. 2013 मध्ये दाबोळीस नवी प्रशस्त इमारत लाभली. इमारत वाढली, पण धावपट्टीचे तास वाढले नाहीत.

मोपाचा पर्याय

यावर उपाय म्हणून पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर स्वतंत्र नागरी विमानतळ योजिला गेला. 2016 साली बांधकामाचा व संचालनाचा करार 'जीएमआर' समूहाशी झाला. पर्यावरणीय परवानगी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्थगित केली व जानेवारी 2020 मध्ये अटींसह ती स्थगिती उठविली. 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन होऊन विमानतळास दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. 5 जानेवारी 2023 पासून उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवाशांची आहे. येथे नागरी विमाने अहोरात्र उतरू शकतात. ओमान एअर आणि जून 2024 मध्ये कतार एअरवेज या कंपन्यांनी दाबोळी सोडून मोपाची वाट धरली, यामागील कारणे शोधताना हा फरक ध्यानी घ्यावा लागतो.

लाभ आणि भार

एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय ठरू शकते. आखातात नोकरी करणारी अनेक कुटुंबे सासष्टीतील आहेत. त्यांना आता काही विमानांसाठी उत्तर टोकाला जावे लागते. काणकोणच्या प्रवाशास तर जवळजवळ अवघा गोवा ओलांडावा लागतो. दक्षिणेतील हॉटेल व टॅक्सी व्यावसायिकांना दाबोळीच्या भवितव्याची चिंता वाटते. पेडण्यात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना रोजगारात न्याय्य वाटा हवा आहे. दोन विमानतळांचे यश केवळ उतरलेल्या विमानांच्या संख्येवर मोजता येणार नाही. या दोन्ही टोकांच्या माणसांचे काय झाले, हीच त्याची खरी कसोटी होय.

प्रवाशांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. तिकिटावर 'जीओआय' अशी अक्षरे असल्यास दाबोळी आणि 'जीओएक्स' असल्यास मोपा समजावे. घर सोडण्यापूर्वी ही तीन अक्षरे पाहिली, तर ऐनवेळी चुकीच्या पठारावर पोहोचण्याचा प्रसंग टळेल.