छाती साफ, ओठ निळे

मुलांची डॉक्टर म्हणून माझी बहुतेक नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत झाली. फुप्फुसात बुरशी झालेली मुलं वॉर्डात थोडीच आली, पण हातून निसटायची भीती सर्वांत जास्त त्यांचीच वाटायची. नव्या डॉक्टरांना जे तोंडी सांगायचे, ते इथे मांडते.

१. आधी श्वास मोजा

आमच्याकडे बुरशी स्वतःचं नाव सांगत येत नाही. आई म्हणते, ‘बाई, पोट उडून राह्यलं, दूध पेत नाही.’ आई माडिया बोलणारी असली तर हेच आशाताईकडून कळतं. मग झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, तेही बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनिया धरायचा.

ही रीत याच मातीत तावूनसुलाखून निघाली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८मध्ये गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनिया ओळखणं आणि को-ट्रायमोक्साझोलचं सिरप देणं गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुइणींना शिकवलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याहून खाली आले, आणि १९९०मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

२. स्टेथोस्कोपवर विसंबू नका

तीन ते सहा महिन्यांचं बाळ. ताप असला तर थोडाच, खोकला कोरडा. छातीला स्टेथोस्कोप लावला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पण ओठ निळे आणि ऑक्सिजन ऐंशीच्या घरात. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर काचेवर वाफ धरावी तसा धूसरपणा. असं बाळ दिसलं की न्यूमोसिस्टिस ही बुरशी मनात यायलाच हवी. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या बाळांना ती गाठते. बहुतेकदा मागे आईकडून आलेला एचआयव्ही असतो, कधी टोकाचं कुपोषण.

म्हणून आईच्या तपासणीचं विचारायचं. पण सासू, नवरा, शेजारच्या खाटेवरची माणसं यांच्यासमोर नाही! आईला बाजूला न्यायचं, दार लावायचं. गरोदरपणातल्या कार्डावर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असलं तरी पुन्हा तपासायचं, कारण लागण त्यानंतरही, अगदी अंगावर पाजत असतानाही, होऊ शकते.

३. जुन्या सिरपला हसू नका

न्यूमोसिस्टिस ही बुरशी आहे हे आरएनएच्या तुलनेतून १९८८मध्येच दिसलं. तोवर तिला अमीबाच्या गोतावळ्यात धरत. बाकीच्या बुरशींच्या आवरणात जे अर्गोस्टेरॉल असतं ते हिच्यात नाही, म्हणून त्यावर चालणारं अॅम्फोटेरिसिन किंवा फ्लुकोनाझोल इथे कामाचं नाही. कामाचं आहे ते को-ट्रायमोक्साझोलच. मात्र मात्रा मोठी: त्यातलं ट्रायमेथोप्रिम दर किलो वजनामागे दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून, २१ दिवस. बाळ दमलेलं असेल तर सुरुवात शिरेतून, आणि ऑक्सिजन फारच कमी असेल तर जोडीला स्टेरॉइड. फुप्फुस धुऊन नमुना घेण्याची सोय नागपूरला असेल. तो अहवाल येईपर्यंत औषध थांबवायचं नाही.

साध्या न्यूमोनियाला आता अमॉक्सिसिलिन देतात, आणि ते योग्यच आहे. पण या बुरशीला त्याने काहीही होत नाही. पूर्वीचं सिरप न ओळखलेल्या बाळालाही थोडा हात देऊन जाई. आता डॉक्टरच्या डोक्यात ते नाव आलं नाही, तर बाळाला काहीच मिळत नाही. को-ट्रायमोक्साझोल जुनाट म्हणून बाजूला सारणारे तरुण सहकारी भेटले की मला अजूनही राग येतो.

एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला सहाव्या आठवड्यापासून हेच औषध रोज, छोट्या मात्रेत सुरू करायचं. झांबियातल्या २००४च्या अभ्यासात एचआयव्हीग्रस्त मुलांचे मृत्यू त्याने ४३ टक्क्यांनी कमी झाले होते.

४. प्रत्येक डाग बुरशीचा नसतो

न्यूमोनियाच्या औषधाने दोन दिवसांत उतार नाही म्हणजे बुरशी, असं नाही. आमच्या भागात आधी क्षयरोग, सिकलसेल आणि मलेरिया तपासायचे. सिकलसेलच्या मुलाला छातीत दुखून धाप लागते आणि एक्स-रे हुबेहूब न्यूमोनियाचा दिसतो.

५. अॅम्फोटेरिसिनची बाटली स्वतः बघा

रक्ताच्या कर्करोगावर नागपूरला उपचार चालू असलेलं मूल गावी येतं, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि घरात ओल, कोंडा, जुनं तणस. तिथे अॅस्परजिलस ही बुरशी. अशा मुलाचा ताप अँटिबायोटिकने हटेना, तर परत मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. पाठवणं लांबलं आणि अॅम्फोटेरिसिन इथेच सुरू करावं लागलं, तर ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. मिठाच्या सलाईनमध्ये ते फुटतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वरचेवर बघायचं. पुढे व्होरिकोनाझोल द्यायचं झालं, तर लहान मुलांचं शरीर ते लवकर संपवतं. वजनाच्या हिशेबाने मात्रा मोठ्या माणसापेक्षा जास्त लागते.

६. औषध देताना कॅलेंडर बघा

हिवाळा सरताना कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि अंगावरचं बाळ बरोबरच जातं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद. म्हणून ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणण्याआधी कुठे असाल ते विचारायचं आणि रोजच्या को-ट्रायमोक्साझोलचा तेवढ्या दिवसांचा साठा हातात द्यायचा. प्रवासाला निघणाऱ्यांना मी सिरप देत नसे. मुलांच्या मात्रेच्या छोट्या गोळ्या देई. चमचाभर पाण्यात विरघळवून कशा पाजायच्या ते आईकडून समोरच करून घेई, आणि एक चिठ्ठी तिकडच्या डॉक्टरसाठी. त्या चिठ्ठीवर आजाराचं नाव नसे, फक्त औषध, मात्रा आणि माझा फोन नंबर.