शिकाऊ परवाना आणि पहिली मोटारसायकल

दसरा-पाडव्याच्या सुमारास आपल्या पुष्कळ व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. चिरंजीव अठरा वर्षांचे झालेले असतात, कॉलेज आणि दुकान यांमधील येरझारा वाढलेल्या असतात, आणि मोटारसायकलीचा आग्रह सुरू होतो. एरवी दहा पोती साखर घेतानाही नमुना तळहातावर घेऊन पाहणारे आपण, या खरेदीत मात्र मुलाच्या हट्टास अथवा शेजाऱ्याशी चाललेल्या चढाओढीस वश होतो. हा सौदा आधी कायद्याच्या, मग शरीराच्या आणि शेवटी पैशाच्या तराजूत तोलावा, एवढेच प्रस्तुत लेखाचे सांगणे आहे.

१. आधी परवाना, मग गाडी

मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्याने सभासद बेळगावचा असो, इंदूरचा असो, बडोद्याचा असो वा मडगावचा, मुख्य नियम सर्वांस एकच आहेत. मोटारसायकलीसाठी वय १८ वर्षे पूर्ण हवे. १६ वर्षांनंतर मिळणारी मुभा केवळ ५० सी. सी. पर्यंतच्या इंजिनापुरती आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व तो मिळाल्यापासून निदान ३० दिवस लोटल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर हवे. मागील आसनावर परवानाधारक शिकवणाराच बसू शकतो; मित्र नव्हे, धाकटी बहीणही नव्हे.

अल्पवयीन मुलाच्या हाती बेकायदा गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘कोपऱ्यावरून दही घेऊन ये’ म्हणून किल्ली देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

२. गिअरची की बिनगिअरची?

येथे पुष्कळांची गफलत होते. परवान्यात ‘गिअरविरहित’ आणि ‘गिअरसहित’ असे दोन निरनिराळे वर्ग आहेत. स्कूटरवर परीक्षा देऊन पहिला वर्ग मिळवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मोटारसायकल हाकू लागला, तर त्या गाडीपुरता तो बिनपरवान्याचाच होय. अशा वेळी अपघात घडल्यास विमा कंपनीने जखमी इसमास दिलेली भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल केली जाण्याचा धोका असतो. आणि मालक म्हणून नाव बहुधा वडिलांचे असते. एका उतावळेपणात वर्षानुवर्षांची पुंजी अडकू शकते.

उलट, गिअरच्या मोटारसायकलीवर परीक्षा उत्तीर्ण होणारा बिनगिअरच्या परीक्षेतही उत्तीर्ण झाला, असे कायदाच मानतो. म्हणून पुढे मोटारसायकल चालवायचीच असेल, तर अर्ज प्रथमपासून गिअरच्या वर्गासाठी करावा. मुलींनाही हाच सल्ला.

३. कायदा जेथे मौन पाळतो

ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी १२५ सी. सी. व ११ किलोवॅटपर्यंतची, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यानंतरच मोठी गाडी, अशी वयाची व परीक्षांची पायरी आहे. आपल्याकडे अठरा वर्षांनंतर इंजिनाच्या ताकदीचे असे बंधन नाही. शिकाऊ परवान्यावर १०० सी. सी. ची गाडी चालते, तशी ३५० ची आणि ६५० चीही चालते. जेथे कायद्याने पायरी बांधली नाही, तेथे ती घराने बांधावी. पहिली दोन वर्षे १०० ते १२५ सी. सी. च्या आतच राहावे, असे माझे मत आहे.

माझ्या पुतण्याने प्रथमच ३५० ची गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात, वेगात नव्हे, तर पेट्रोल पंपाबाहेर उभी असतानाच ती एका बाजूस कलली आणि त्यास सावरता आली नाही. घोट्यास प्लास्टर आले, दीड महिना दुकान बुडाले. कारण साधे होते. १०० सी. सी. च्या गाडीचे वजन सुमारे ११० किलो, तर ३५० च्या गाडीचे १९० किलोच्या आसपास असते. शिकणारा बहुधा पडतो तो थांबताना आणि वळताना; तेथे ताकद कामास येत नाही, वजन मात्र आड येते.

४. पाहणी कशी करावी?

मुलास दुकानात गाडीवर बसवून दोन्ही पाय जमिनीस टेकतात की नाही ते पाहावे. बंद गाडी त्याने स्वतः ढकलून वळवावी. गाडी जुनी घेणार असल्यास ब्रेक व टायर तपासावेत आणि नोंदणी विनाविलंब आपल्या नावे करून घ्यावी. नव्या गाड्यांत २०१९ पासून १२५ सी. सी. वरील गाड्यांस एबीएस, व त्याखालील गाड्यांस निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची आहे. जुन्या गाडीत ती असेलच असे नाही. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असावे व पट्टा बांधलेला असावा.

स्वतः शिकवू पाहणाऱ्या वडिलांस एक सूचना. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या गाड्यांत ते उलट आहे. आपली जुनी सवय मुलाच्या पायी उतरू देऊ नये.

५. घरचे नियम

शिकाऊ काळात गाडीवर दुकानाचा माल लादू नये. हँडलला अडकवलेली पिशवी वळताना घात करते. पावसाळ्यात चोर्ल्यासारखा घाट आणि रात्रीचा महामार्ग वर्ज्य समजावा. नव्या दुचाकीसोबत २०१८ पासून पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो, परंतु त्यात आपल्या गाडीचे नुकसान भरून निघत नाही. म्हणून हेल्मेट, विमा आणि शिकवणी यांचा खर्च किमतीतच धरून मग सौदा करावा.

सभासद बंधूंनो, उधारी देताना आपण गिऱ्हाइकाची ऐपत पाहून मर्यादा ठरवतो, आणि व्यवहार चोख राहिला की ती वाढवतो. तोच न्याय येथे लावावा. मोठी गाडी दोन वर्षांनीही मिळेल. मुलगा रोज सायंकाळी धडधाकट घरी परतणे, हेच या व्यवहारातील खरे मुद्दल होय.